सावली नव्हे, सहधर्मचारिणी

(कार्यकर्त्यांच्या कुटुंबांच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



पत्नी, माता आणि आजी या तीन नात्यांनी घर सांभाळणाऱ्या स्त्रीविषयी मी आज चार शब्द बोलावेत, अशी संयोजकांची इच्छा होती. हा विषय त्यांनी मला का दिला, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. गेल्या वर्षी माझी पत्नी गेली. एकेचाळीस वर्षांचा संसार झाला. त्या दिवसांत भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने एक वाक्य उच्चारले, "वहिनी तुमची सावली होत्या." बोलणाऱ्याच्या मनात आदरच होता. मीही मान हलवली. पण दोन महिन्यांनी एक प्रसंग घडला आणि तो शब्द मला खुपू लागला.

माझी नात सातवीत आहे. शाळेने तिला 'माझी आजी' या विषयावर एक लहानसा प्रकल्प दिला होता. वही घेऊन ती माझ्याजवळ बसली आणि एकेक प्रश्न विचारू लागली. आजीचा जन्म कुठला? आजी कितवीपर्यंत शिकली? या दोन प्रश्नांची उत्तरे मी दिली. तिसरा प्रश्न होता, आजीला मोठेपणी कोण व्हायचे होते? मला सांगता येईना. चौथा प्रश्न त्याहून सोपा होता. आजीला कोणता पदार्थ आवडत असे? आम्हा सर्वांच्या आवडीचे पदार्थ तिने आयुष्यभर केले, त्यांची यादी मी सांगू शकलो असतो. तिला स्वतःला काय आवडत होते, हे मला माहीत नव्हते. माझ्या कपाटात चाळीस वर्षांच्या दैनंदिन्या आहेत. कोणत्या गावी कोणत्या तारखेला बैठक झाली, किती संख्या होती, कोणाच्या घरी भोजन झाले, हे सारे त्यांत आहे. घरी कोण वाट पाहत होते, याची नोंद एकाही पानावर नाही.

हे मी आपल्यासमोर कबुलीजबाब म्हणून सांगत नाही. तिच्या पुस्तकांच्या फळीवर मला एक जुने पुस्तक सापडले, त्याविषयी मला आज बोलायचे आहे. पुस्तकाचे नाव 'माझे पुराण'. ते आनंदीबाई कर्वे यांचे आत्मचरित्र. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या त्या पत्नी. सारे जण त्यांना बाया म्हणत. महर्षींचे नाव महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. बायांचे आयुष्य मात्र आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? सार्वजनिक काम करणाऱ्या माणसाच्या घराची गोष्ट समजून घ्यायची असेल, तर ते आयुष्य नीट पाहिले पाहिजे.

आठ वर्षांची गोदू

बायांचे माहेरचे नाव गोदूबाई जोशी. कोकणातील देवरुख परिसरातले हे कुटुंब, वडील बाळकृष्णपंत. त्या काळच्या रीतीप्रमाणे आठव्या वर्षी गोदूचे लग्न झाले आणि लग्नानंतर अवघ्या तीन महिन्यांत ती विधवा झाली. ज्याचा चेहराही नीट आठवू नये, अशा मुलाच्या मृत्यूने तिचे उरलेले आयुष्य ठरून गेले. बालविधवेच्या वाट्याला त्या काळी काय येत होते, हे आपल्या आज्या-पणज्यांकडून आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. वय वाढले की केशवपन, अंगावर लाल आलवण, एकवेळचे जेवण, शुभकार्यात मागे राहणे आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत न संपणारे काम. हे सारे करणारी माणसे दुष्ट नव्हती. आई-वडिलांचाच जीव तुटत असे. पण रूढीपुढे माया हतबल होती, आणि रूढीलाच धर्म समजण्याची चूक समाजाने केली होती. आपल्या समाजाच्या इतिहासातील हे पान वाचताना खाली मान घालावी लागते. ते फाडून टाकणे हा त्यावरचा उपाय नाही.

गोदूबाईंचे बंधू नरहरपंत शिक्षणासाठी मुंबईत होते. धोंडोपंत कर्वे हे त्यांचे जिवलग मित्र. पुढे गोदूबाई भावाकडे मुंबईस आल्या आणि त्यांच्या आयुष्याला निराळे वळण लागले. दिनांक ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत 'शारदा सदन' सुरू केले. त्या संस्थेत दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. या संस्थेवरून पुढे पुण्यात मोठे वादळ उठले, धर्मांतराच्या प्रश्नावर समाज ढवळून निघाला, आणि त्या प्रश्नावर आपली मते स्पष्ट आहेत. तरीही ज्या वयात इतर बायका लेकुरवाळ्या होऊन संसारात बुडालेल्या असत, त्या वयात या तरुण विधवेला रीतसर शाळेचे दार प्रथम तेथे उघडले, हे सांगितल्यावाचून बायांचे चरित्र पुरे होत नाही. जे दार आपण उघडायला हवे होते ते आपण उघडले नाही, एवढी खंत आपल्या मनात असली पाहिजे. पुढे तेच काम आपल्या घरातून, आपल्या रीतीने उभे करण्याचे श्रेय कर्वे पति-पत्नींकडे जाते.

दुसरे लग्न आणि गावचा बहिष्कार

धोंडोपंतांचे गाव दापोलीजवळचे मुरूड. त्यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली वारली. मागे रघुनाथ हा लहान मुलगा होता. त्याच वर्षी धोंडोपंत पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. स्थिर नोकरी असलेल्या तरुण विधुराला त्या काळी मुली सांगून येण्यास वेळ लागत नसे. परंतु पुन्हा विवाह करायचा तर विधवेशीच करायचा, असा त्यांचा निश्चय होता. गोदूबाईंच्या वडिलांनी संमती दिली आणि ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला. शारदा सदन सुरू झाले तीच तारीख, मध्ये चार वर्षांचे अंतर. गोदूबाईंच्या त्या दिवशी आनंदीबाई झाल्या.

सुधारकांच्या वर्तुळात या विवाहाचे स्वागत झाले. मुरूडला मात्र त्याची फार वेगळी प्रतिक्रिया उमटली. ज्या गावाच्या शिक्षणासाठी धोंडोपंतांनी 'मुरूड फंड' उभा केला होता, त्याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. ते घरी राहिले तर घरच्यांनाही वाळीत टाकण्यात येईल, असे ठरले. आईला मुलाला जवळ घेता येईना, मुलाला आईजवळ जाता येईना.

आपण हा प्रसंग नेहमी महर्षींच्या बाजूने ऐकतो आणि त्यांच्या धैर्याचे कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण क्षणभर नव्या सुनेच्या जागी उभे राहून पाहा. वयाच्या आठव्या वर्षापासून जिने अशुभ म्हणून ऐकून घेतले, तिला आता संसार मिळाला. आणि तिने पाहिले की तिच्या पायगुणाने म्हणून एक आई आपल्या मुलाला मुकली. लग्न दोघांनी केले होते, बहिष्कार दोघांवर होता. नवऱ्याला या धैर्यासाठी पुढे मानपत्रे मिळाली. तिच्या वाट्याला आलेल्या नजरा मात्र तिने एकटीने सोसल्या. पुनर्विवाहित स्त्रीला हळदीकुंकवाला कोण बोलावणार? शेजारची कोणती बाई तिच्या हातचे पाणी पिणार? असे लहान अपमान रोज उठून गिळावे लागतात.

संसाराची तोंडमिळवणी

फर्ग्युसन महाविद्यालयाच्या आजीव सदस्यांनी अल्प वेतनावर काम करायचे, अशी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची पद्धत होती. त्या वेतनावर घर चालवायचे, मुले वाढवायची, नात्यातल्या आणि ओळखीतल्या गरजूंना घरी ठेवून घ्यायचे. बाया हातावर हात ठेवून बसणाऱ्या नव्हत्या. संसाराला आपलाही हातभार लागावा म्हणून त्या नागपूरला जाऊन सुईणीचे शिक्षण घेऊन आल्या. एकोणिसाव्या शतकाची अखेर, ब्राह्मण घरातली पुनर्विवाहित स्त्री आणि सुईणीचा व्यवसाय. हे सारे एकत्र कल्पून पाहिले म्हणजे या बाईचा कणा किती ताठ होता, हे कळते.

इसवी सन १८९६ मध्ये महर्षींनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. आपली बचत असलेले एक हजार रुपये त्यांनी प्रथम या कार्याला दिले. पुढे स्वतःच्या आयुर्विम्याची पाच हजार रुपयांची पॉलिसीही संस्थेच्या नावे केली. हा प्रसंग आपण त्यागाचे उदाहरण म्हणून सांगतो. मीही अनेक बौद्धिकांतून तो सांगितला आहे. पण आयुर्विमा हा माणसाच्या स्वतःच्या उपयोगासाठी नसतोच, बंधूंनो! आपल्या पश्चात बायकामुलांनी कोणापुढे हात पसरू नयेत, म्हणून तो असतो. एकदा वैधव्याच्या खाईतून बाहेर आलेल्या, लहान मुले पदरात असलेल्या स्त्रीच्या दृष्टीने त्या कागदाचे मोल काय असेल? तो कागद गेला तेव्हा त्याग नेमका कोणी केला? दिला महर्षींनी आणि वजा झाला बायांच्या खात्यातून.

बायांचे मोठेपण असे की त्यांनी या ओढाताणीवर देवत्वाचा मुलामा दिला नाही. पैशाची चणचण आणि त्यापायी घरात होणारी नाराजी त्यांनी झाकून ठेवली नाही. नवऱ्याचे कार्य मोठे आहे हे त्यांना पुरते कळत होते, आणि घरातला डबा रिकामा आहे हेही कळत होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. आपण बहुधा पहिलीच सांगतो.

हिंगण्याची पायवाट

इसवी सन १९०० मध्ये आश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास गेला. रावबहादुर गोखले यांनी दिलेल्या जागेवर एक झोपडी उभी राहिली. भोवती माळ, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. महर्षी दिवसभर फर्ग्युसनमध्ये शिकवत, सायंकाळी आश्रमाला लागणारे सामान घेऊन पायी हिंगण्यास जात, तेथे मुलींना शिकवत आणि सकाळी पुन्हा महाविद्यालयात हजर होत. हे चित्र आपल्या पाठ्यपुस्तकांतून अजरामर झाले आहे.

या चित्रात बाया कोठे होत्या? त्या पुण्यात, मुलांपाशी होत्या. आणि आरंभीच्या काळात आश्रम हे त्यांचे घर होऊ शकत नव्हते. आश्रमात येणाऱ्या विधवांचे पालक जुन्या वळणाचे. विधवेला शिकवणे एवढे त्यांनी कसेबसे मान्य केले होते, पुनर्विवाह मान्य नव्हता. पुनर्विवाहित स्त्री आश्रमात वावरते असे दिसले, तर मुली पाठवणे बंद होण्याची धास्ती होती. म्हणून महर्षींनी विधवांच्या शिक्षणाचे काम आणि पुनर्विवाहाचा पुरस्कार ही दोन कामे कटाक्षाने वेगळी ठेवली. संस्थेच्या हिताच्या दृष्टीने तो निर्णय शहाणपणाचा होता. परंतु त्याचा परिणाम पाहा. विधवांचे दुःख दूर व्हावे म्हणून ज्या माणसाने आश्रम काढला, त्याच्याच पत्नीला, जिने ते दुःख स्वतः भोगले होते, त्या आश्रमाच्या स्वयंपाकघरात मोकळेपणाने पाऊल टाकता येत नव्हते.

याहून मोठा अपमान कोणता? आणि तो पचवून या संस्थेचे भले चिंतत राहणे, याहून मोठे योगदान कोणते? बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. त्याही विधवा. त्या आश्रमात आल्या आणि त्याचा एक आधारस्तंभ झाल्या. आश्रमाच्या निधीसाठी त्या गावोगाव हिंडल्या, पुढे १९१८ साली अमेरिकेला जाऊन आल्या. एका बहिणीला ज्या दारातून सन्मानाने आत घेतले जाई, त्याच दाराशी दुसरीला थबकावे लागे. तरीही बहिणी बहिणीच राहिल्या आणि आश्रम मोठा होत गेला. १९०७ मध्ये महिला विद्यालय आले, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ आले. या प्रत्येक इमारतीच्या पायात बायांच्या संसारातली एकेक वीट गेलेली आहे. त्यांच्या नावाचा दगड मात्र आपल्याला शोधावा लागतो.

आई, सासू, आजी

आता बायांच्या मातृत्वाविषयी थोडे सांगतो. राधाबाईंचा रघुनाथ आणि बायांचे शंकर, दिनकर व भास्कर. चारही मुले कर्तृत्ववान निघाली आणि चौघांच्या चार वाटा झाल्या. रघुनाथराव १८९९ साली मॅट्रिकला पहिले आले. पुढे त्यांनी संततिनियमनाच्या प्रचाराला आयुष्य वाहिले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. त्यांची सर्व मते आपल्याला पटतील असे नाही, त्या काळी तर फारच थोड्यांना पटत होती. शंकरराव डॉक्टर होऊन पूर्व आफ्रिकेत मोंबासाला स्थायिक झाले. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. भास्करराव हिंगण्याच्या संस्थेच्याच कामात राहिले. वडील बहुतेक वेळ संस्थेच्या कामात गुंतलेले असताना चार भिन्न स्वभावांची मुले एका आईच्या हाताखाली मोठी झाली. मुलांवर संस्कार म्हणजे मुलांना एका साच्यात ओतणे, असे आपल्याला पुष्कळदा वाटते. या घरात प्रत्येक मुलाला ताठ उभे राहण्याचे बळ मिळाले, हाच संस्कार झाला.

सुनाही तशाच आल्या. दिनकररावांच्या पत्नी इरावतीबाई मानववंशशास्त्राच्या थोर अभ्यासक आणि 'युगान्त'च्या लेखिका. त्या १९२८ साली उच्च शिक्षणासाठी जर्मनीला गेल्या. ज्या घराण्याने स्त्रीशिक्षणासाठी एवढे सोसले, त्या घरातही सुनेने समुद्रापार जाण्याला महर्षींची आरंभी अनुकूलता नव्हती. म्हणजे थोरामोठ्यांच्या घरातही प्रत्येक पिढीला आपले दार स्वतः ढकलावे लागते. इरावतीबाईंचा 'परिपूर्ती' हा लेख आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल. सभेत त्यांची ओळख करून देताना त्या कोणाच्या कन्या, कोणाच्या पत्नी, कोणाच्या सून हे सांगितले जाते आणि तरी काही राहून गेल्यासारखे वाटते. मग रस्त्यात त्यांच्या मुलाच्या वर्गातली मुले 'कर्व्याची आई' म्हणून त्यांना ओळखतात आणि ती ओळख पुरी होते. विद्वत्तेच्या शिखरावर पोहोचलेल्या स्त्रीने हे लिहावे, यातच आपल्या कुटुंबसंस्थेचे बळ दिसते.

नातवंडांचे म्हणाल तर दिनकरराव आणि इरावतीबाई यांची जाई, आनंद आणि गौरी ही मुले पुढे लेखन आणि विज्ञान या क्षेत्रांत नावारूपाला आली. जाई निंबकर आणि गौरी देशपांडे यांचे साहित्य मराठी वाचकाला परिचित आहे. आनंद कर्वे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध झाले. ज्या आजीच्या हाती विशी ओलांडल्यावर रीतसर शिक्षणाची पाटी आली, तिच्या नाती ग्रंथकर्त्या झाल्या. अवघ्या दोन पिढ्यांतली ही वाटचाल आहे. महिला विद्यापीठाचा वार्षिक अहवाल काही सांगो, स्त्रीशिक्षणाचे फळ कोणते असे मला कोणी विचारले तर मी या एका घराकडे बोट दाखवीन.

सुनेने विचारले म्हणून

आता मी 'माझे पुराण' या पुस्तकाकडे वळतो. महर्षींचे 'आत्मवृत्त' १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. 'लुकिंग बॅक' हे त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र १९३६ चे. बायांचे 'माझे पुराण' आले १९४४ मध्ये, म्हणजे 'आत्मवृत्ता'नंतर एकोणतीस वर्षांनी. ते झाले तेही भास्कररावांच्या पत्नी कावेरीबाई कर्वे यांच्यामुळे. सुनेने सासूच्या आठवणी संपादून पुस्तकरूपाने आणल्या. सुनेला सासूच्या बोलण्यात पुस्तक दिसले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. हे बोलणे घरातल्या सर्वांनीच आयुष्यभर ऐकले असणार. त्यातले मोल एका सुनेने ओळखले.

पुस्तकाचे नाव पाहा. आपल्याकडे एखादी म्हातारी जुन्या गोष्टी सांगू लागली की घरातले म्हणतात, "झाले, लावले हिने पुराण!" बायांनी तोच शब्द आपल्या पुस्तकाला हसत हसत घेतला. त्या विनयात थोडी मिश्किली आहे आणि थोडा अधिकारही आहे. पुराण शेवटी ऐकायचेच असते.

मराठीत हा एक मोठा वारसा आहे. रमाबाई रानडे यांनी १९१० साली 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' लिहिल्या, म्हणून न्यायमूर्ती रानडे माणूस म्हणून कसे होते हे आपल्याला कळले. मोठ्या पुरुषांची कामगिरी इतिहास लिहितो. त्या कामगिरीची घरातली किंमत मात्र घरातल्या बाईनेच लिहिली, तर कळते. बायांनी ती सांगितली. त्यांच्या सांगण्यात कडवटपणा नाही, आणि खोटी गोडीही नाही. त्यांच्या पुराणाने महर्षी लहान झाले काय? मुळीच नाही. उलट आपल्याला ते अधिक जवळचे वाटू लागतात, कारण त्यांच्या कार्यातला दुसरा भागीदार आपल्याला दिसतो.

बाया १९५० मध्ये गेल्या. १९५८ साली महर्षींची शंभरी झाली, मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर भव्य समारंभ झाला, त्याच वर्षी त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान मिळाला. तो सारा गौरव पाहायला बाया नव्हत्या. महर्षी त्यानंतरही १९६२ पर्यंत, एकशे चौथ्या वर्षापर्यंत जगले. त्या शेवटच्या बारा वर्षांत त्यांना काय वाटत असेल, हे मला गेल्या वर्षापासून थोडे थोडे उमगू लागले आहे.

आपल्या घरातले पुराण

बंधूंनो, महर्षींची आणि आपली तुलना करण्याचे धाडस मी करणार नाही. पण सार्वजनिक काम करणाऱ्या प्रत्येकाचे घर थोड्याफार प्रमाणात बायांचे घर असते. आपण रात्री अकरा वाजता चार कार्यकर्ते घेऊन घरी येतो आणि बाहेरूनच आवाज देतो, "पिठले-भात चालेल!" कोणाला चालेल, हे आपण ठरवतो आणि करायचे कोणी, हेही आपणच ठरवतो. माझी पत्नी एकदा एवढेच म्हणाली होती, "किती माणसे येणार ते आधी कळवत जा. कणीक तेवढी मळावी लागते." मी हसलो. तिच्या त्या वाक्यात केवढे व्यवस्थापन होते! आम्ही तर व्यवस्थेवर वर्ग घेत होतो.

तिने कधी तक्रार केली नाही, असे मी लोकांना अभिमानाने सांगत असे. आता मला प्रश्न पडतो. तिने तक्रार केली नाही, की मी घरी असतानाचा वेळ एवढा थोडा होता की तो तक्रारीत घालवणे तिला पटले नाही? उत्तर देणारी व्यक्ती आता नाही.

म्हणून "सावली" हा शब्द मला आता नको वाटतो. सावलीला भूक लागत नाही, सावलीला आवडनिवड नसते, सावली हिशेब मागत नाही. आपल्या परंपरेने पत्नीला दिलेला शब्द सहधर्मचारिणी असा आहे. बरोबरीने धर्म आचरणारी. धर्म दोघांचा असेल तर निर्णयही दोघांचा हवा आणि श्रेयही दोघांचे हवे. घरातून संस्थेला देणगी द्यायची असेल तर त्या पावतीआधी घरात बोलणे व्हावे. दिलेले दान तेवढेच राहील, पण ते दोघांचे होईल. तिच्या संमतीने दिलेला एक रुपया तिच्या नकळत दिलेल्या शंभरांहून पवित्र आहे, असे मी आता मानतो.

आणि दुसरी विनंती सुनांना, लेकींना, नातवंडांना. आपल्या घरातही एक पुराण आहे. ते लिहून घ्या. आईला, आजीला विचारा, तुमचे लहानपण कसे होते, शाळा का सुटली, लग्नात काय वाटले, कोणते दुःख कोणाला सांगितले नाही, कोणता पदार्थ आवडतो. ती म्हणेल, "माझे काय एवढे सांगण्यासारखे?" बायाही कदाचित तसेच म्हणाल्या असतील. कावेरीबाईंनी तरीही ऐकले आणि कागदावर उतरवले. ज्यांच्या आई, पत्नी, आजी आज या सभागृहात शेजारी बसल्या आहेत, ते भाग्यवान आहेत. आज घरी गेल्यावर एक वही काढा.

माझ्या नातीचा प्रकल्प तिने पुरा केला. मला जे माहीत नव्हते ते तिने आजीच्या धाकट्या बहिणीला फोन करून विचारले. त्यातून कळले की आजीला शिक्षिका व्हायचे होते, गणित तिचे पक्के होते, आणि ओल्या नारळाच्या करंज्या तिला जिवापाड आवडत. करंज्या ती दर दिवाळीला करत असे. पहिले ताट भरून ती मला आणि घरी आलेल्या कार्यकर्त्यांना देई. शेवटी तिच्यासाठी किती उरत, हे मी कधी पाहिले नाही. नातीने ते सारे सुवाच्य अक्षरात लिहिले आणि वही माझ्या हातात दिली. माझ्या चाळीस दैनंदिन्यांच्या शेजारी ती वही मी ठेवली आहे.

 बायांच्या स्मृतीला, आणि आपल्या सर्वांच्या घरांतल्या ज्ञात-अज्ञात बायांना वंदन करून मी माझे बोलणे थांबवतो.